पेटीतलं चौकड्यांचं लुगडं

अंधेरीचं मरोळ, बोरिवलीपलीकडचं गोराई इथले ईस्ट इंडियन म्हणजे मराठी बोलणारे इथलेच ख्रिस्ती. गोव्याहून नोकरीला आलेल्यांपासून वेगळी ओळख हवी म्हणून त्यांनी १८८७ साली हे नाव घेतलं. त्यांच्या बायका सुती चौकड्यांचं लुगडं नेसत, कामाला जाताना गुडघ्यापर्यंत आखूड. सूत आधी रंगवून मग विणल्यामुळे चौकडी उलट्या बाजूनेही तितकीच ठसठशीत दिसते. छापील असली तर मागून फिकी.

१८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी कुर्ल्याची गिरणी घेतली, नाव ठेवलं ‘स्वदेशी’. पण स्वदेशी गिरणीसमोरही हातमाग कसा टिकणार?

जुनी लुगडी धावदोरा घालून गोधडीत गेली. आजीची गोधडी टाकण्याआधी फाटलेला कोपरा उलगडून बघा. चौकडी दिसली तर ती कुणी नेसली होती, ते घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा.