सहा क्रमांकाची मोटार

मोटार शर्यतींचा इतिहास बहुतेक करून विजेत्यांच्या याद्यांतून लिहिला जातो. हौशी शर्यतींच्या वाट्याला तेवढेही येत नाही. तिथे वार्ताहर क्वचितच फिरकतात आणि निकालाचे कागद आयोजकांच्या घरून कधीतरी रद्दीत जातात. उरतात ती कडेला उभ्या असलेल्या भावाने, मित्राने काढलेली छायाचित्रे. गेली काही वर्षे मी ती जमवतो आहे. ती कशी वाचावीत, हे मला एका फ्रेंच तरुणाच्या ‘फसलेल्या’ छायाचित्राने शिकवले.

झाक आँरी लार्तीग याचा जन्म १८९४ चा. घर सधन, त्यामुळे लहानपणीच हाती कॅमेरा आला. थोरला भाऊ मॉरिस, घरचे लाडके नाव झिसू, चाकांच्या गाड्या तयार करून उतारावरून सोडायचा आणि धाकटा ते टिपायचा. त्या गाड्या आज आपल्याला दिसतात त्या या धाकट्या भावाच्या अल्बममुळे.

मोठ्या शर्यतींनाही लार्तीग हौसेनेच जाई. फ्रेंच ग्रां प्रीत त्याने भरधाव मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत एक छायाचित्र काढले. त्यात मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. मागचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे, तर कडेचे प्रेक्षक उलट दिशेला कलले आहेत. कारण साधे आहे. त्या कॅमेऱ्याच्या पडद्यात एक आडवी फट होती आणि ती काचेवरून सरकत जाई. त्यामुळे दृश्याचा खालचा भाग आधी उमटला, वरचा नंतर. कॅमेरा मोटारीपेक्षा किंचित हळू फिरला, म्हणून तेवढ्या वेळात मोटार चौकटीत पुढे सरकली आणि स्थिर माणसे मागे पडली. आजच्या मोबाइलमध्येही प्रतिमा ओळीओळीने टिपली जाते, म्हणून वेगवान वाहन तसेच तिरपे दिसते.

लार्तीगने हे चित्र वाया गेले म्हणून बाजूला ठेवले होते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तो जवळजवळ सत्तरीचा होता. पुढे हेच चित्र वेगाचे प्रतीक ठरले. कितीतरी वर्षे ते १९१२ च्या शर्यतीतील ‘दलाज’ मोटारीचे म्हणून छापले गेले. अभ्यासकांनी नंतर दाखवले, की ती ‘श्नायडर’ मोटार असून शर्यत १९१३ ची, अमियाँजवळची आहे. अशा तपासात मोटारीवरचा ठळक ६ हा आकडा मोलाचा असतो.

आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला हे लागू पडते. महायुद्धकाळातील या धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून शर्यती होत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे क्लबचा स्वतंत्र ट्रॅक झाला. शोलावरमला कित्येक जण आपलीच गाडी आपणच दुरुस्त करून पळवत.

पुण्यातील एका घरी मला तिथले सोळा फोटो पाहायला मिळाले. एकाच्याच मागे पेन्सिलीने साल लिहिले होते. घरातल्या काकांनी गाड्यांच्या क्रमांकांवरून तीन चालक ओळखले. चौथ्याचा चेहरा त्यांना आठवत होता, नाव ओठांवर येऊन थांबत होते. “पुढच्या वेळी या, तोवर आठवतो,” ते म्हणाले. पुढची वेळ आली नाही. त्या पावसाळ्यात काका गेले. चौथा चालक माझ्या वहीत अजून ‘क्रमांक अकरा’ एवढाच आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात अशी छायाचित्रे असतील तर हललेली, अर्धी कापली गेलेलीही टाकू नका. गाडीचा क्रमांक दिसत असेल तर माग निघतो. मागे पेन्सिलीने गाव, साल आणि नावे लिहा. ओळखणारे माणूस अजून घरात असेल, तर या दिवाळीतच त्याच्याशेजारी बसा.