पंख्याचा इतिहास आणि मालकीचा प्रश्न

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एखाद्या पंख्यालाही इतिहास असू शकतो, हे चटकन पटत नाही. तथापि आज आम्ही अशाच एका लहान वस्तूचा वृत्तांत श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. संगणकातील ग्राफिक्स कार्डावरचा मूळ पंखा उतरवून ग्राहक स्वतःच्या हाताने जो दुसरा कूलर बसवतो, ती ही वस्तू. विकत घेतलेल्या यंत्रावर अखेर अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

प्रथम उष्णतेचे मूळ पाहू. संगणकाला दिलेली वीज हिशेब करून नाहीशी होत नाही. जवळजवळ सारी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. १९४६ साली फिलाडेल्फिया येथे लोकांपुढे आलेल्या एनिअॅक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. त्याच्या उष्णतेसाठी मोठे झोतपंखे ठेवावे लागले होते. पुढे नळ्या गेल्या आणि नखाएवढ्या चिपा आल्या. पण चिपांचे काम जसजसे वाढत गेले, तसतशी उष्णता लहानशा जागेत कोंडली जाऊ लागली.

पडद्यावरची चित्रे काढण्याचे काम मुख्य चिपेकडून काढून घेणारे कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. १९९६ साली आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डाला पंख्याची गरज नव्हती. १९९९ च्या एनव्हिडिया जीफोर्स २५६ वर लहानसा पंखा आला. २००३ साली बाजारात आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा तर इतका गरजे, की लोकांनी त्याला धूळ ओढणाऱ्या यंत्राचे नाव दिले, आणि खुद्द कंपनीनेच त्यावर एक विनोदी चित्रफीत काढली.

कंपनी हसली, पण रात्रंदिवस तो आवाज ऐकणाऱ्या ग्राहकाने काय करावे? त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. त्याच्या मदतीला लहान कंपन्या आल्या. दक्षिण कोरियाच्या झालमनने कार्डाच्या दोन्ही बाजूंस धातूचे पत्रे लावून ते उष्णतावाहक नळीने जोडले. पंखा मुळी ठेवलाच नाही. ही नळी १९६३ साली लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी सिद्ध केली होती. बंद नळीतील थोडासा द्रव तापलेल्या टोकाशी वाफ होतो, थंड टोकाशी पुन्हा द्रव होतो आणि आतल्या जाळीतून माघारी येतो. स्वित्झर्लंडच्या आर्क्टिक कंपनीने दुसरा मार्ग धरला. तिचा सायलेन्सर शेजारच्या खाचेची जागा घेई आणि तापलेली हवा पेटीबाहेरच टाकी.

हे काम धसमुसळेपणाचे नव्हे. स्क्रू काढल्यावर जुना कूलर ओढायचा नसतो. हलकेच पिळून सोडवायचा असतो. जुनी पेस्ट स्पिरिटने पुसून नवी अगदी थोडी लावायची. स्मृतीच्या चिपांवर लहान धातूचे तुकडे चिकटवायचे. मग समोरासमोरचे स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळायचे. एकच कोपरा दाबला गेला तर चिपेचा टवका उडतो आणि महिन्याचा पगार वाया जातो. शिवाय हवेचा कोणताही कूलर चिपेला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. आपल्याकडील वैशाखात ही मर्यादा सहज ध्यानात येते.

ग्राहकांच्या या खटपटीचे फळ लवकरच दिसले. हाँगकाँगची एचआयएस कंपनी आर्क्टिकचे कूलर कारखान्यातच बसवून कार्डे विकू लागली. नळ्या, पत्र्यांची चळत आणि मोठे संथ पंखे पुढे सर्वत्र रूढ झाले. २०२२ चे जीफोर्स आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॅट वीज घेते, आणि त्यावरचा मूळ कूलरच तीन खाचांची जागा अडवतो. त्यामुळे तो बदलण्याची गरज आज पुष्कळ कमी झाली आहे.

परंतु मालकीचा प्रश्न मिटलेला नाही. ‘हे काढल्यास हमी रद्द’ अशी चिकटपट्टी स्क्रूवर लावण्याची चाल पडली. अमेरिकेत हमीसंबंधी १९७५ चा कायदा आहे. त्याच्या आधारे तेथील संघीय व्यापार आयोगाने जुलै २०२४ मध्ये गिगाबाइट, झोटॅक आणि एएसरॉक या कंपन्यांना अशा चिकटपट्ट्यांबद्दल इशारा दिला. आम्हांस हे योग्य वाटते. स्वतःच्या चुकीने मोडले तर नुकसान मालकाने सोसावे, हे न्याय्यच आहे. पण केवळ उघडले म्हणून त्याला दोषी ठरवणे न्याय्य नाही. आजच्या कार्डांना जी शांतता लाभली आहे, तिच्यात अशा उघडून पाहणाऱ्यांचा वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.