उत्तर नाही, म्हणून प्रश्न खोटा?

एखादा प्रश्न सुटला नाही, की आपण एक तर सोडवणाऱ्याला अडाणी ठरवतो, नाही तर प्रश्नच खुळचट होता असे म्हणून मोकळे होतो. याखेरीज तिसरीही शक्यता असते, हे गणितशास्त्राला प्रकर्षाने उमगले ते १९३० च्या सप्टेंबरात, जर्मनीतील क्योनिग्सबर्ग या नगरीत. (आज हीच नगरी रशियातील कालिनिनग्राद होय.)

८ सप्टेंबरला थोर गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांचे तेथे व्याख्यान झाले. गणितात न सुटणारा प्रश्न असूच शकत नाही, ही आपली श्रद्धा त्यांनी ठणकावून सांगितली. दैवयोग असा, की आदल्याच दिवशी त्याच नगरीत, एका परिषदेतील चर्चेत, कुर्ट ग्योडेल या चोवीस वर्षांच्या तरुणाने त्या श्रद्धेखालची जमीन हलवून सोडली होती!

१९३१ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. ‘मी खोटे बोलतो आहे’ हे वाक्य खरे मानले तर खोटे ठरते, खोटे मानले तर खरे. हा प्रश्न खरोखरच सदोष. ग्योडेलने मात्र ‘खोटे’ या शब्दाऐवजी ‘असिद्ध’ ही कल्पना घेतली. ‘मी या नियमांनी सिद्ध होणार नाही’ असे सांगणारे विधान त्याने निव्वळ पूर्णांकांच्या भाषेत रचले. नियम परस्परविसंगत नसतील, तर ते विधान सिद्ध होत नाही. आणि म्हणूनच ते खरे असते! यात दोष विधानाचा नव्हे, नियमच अपुरे.

पण प्रत्येक वेळी निकाल इतका सरळ लागत नाही. पूर्णांकांची अनंतता आणि रेषेवरील बिंदूंची त्याहून मोठी अनंतता, या दोहोंच्या मध्ये तिसरी नाही, असे गेऑर्ग कँटरने १८७८ साली मांडले. संचशास्त्राच्या रूढ गृहीतकांवरून हे खोटे ठरवता येत नाही, असे ग्योडेलने १९३८ साली दाखवले. खरेही ठरवता येत नाही, हे पॉल कोहेनने १९६३ साली. मग प्रश्नच निरर्थक का? काहीजण तसे मानतात. युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकाप्रमाणे, मानले तर एक गणित, नाकारले तर दुसरे, असे त्यांचे म्हणणे. ग्योडेलने मात्र १९४७ सालीच बजावले होते, की असे घडले तरी प्रश्नाचा अर्थ नाहीसा होत नाही. नवी गृहीतके शोधावी लागतील. हा वाद आजही मिटलेला नाही.

तात्पर्य इतकेच, की पोहरा पाण्याला लागला नाही, म्हणून विहीर कोरडी ठरत नाही. आधी दोर मोजावा!