आज्जांची गिनती

हुबळीहून गोकुळ गावाकडे जाणारा रस्ता तो गोकुळ रोड. आज त्याच्या दुतर्फा कारखाने आहेत, बंगले आहेत, वायव्य कर्नाटक रस्ता परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय आहे आणि पुढे विमानतळ आहे. आमच्या लहानपणी वस्ती विरळ होती आणि घरामागून काळ्या जमिनीची शेते सुरू होत. त्या घरात रोज रात्री आठ वाजता गिनती होत असे.

गिनती म्हणजे फौजेतली हजेरी. आज्जा आम्हां सहा नातवंडांना ओसरीवर ओळीने उभे करीत आणि बोटाने डोकी मोजीत. सहा भरली की ‘ठीक’ म्हणत आणि मगच ताटावर बसत. एखादे पोर शेजारी रमले असले तर बॅटरी घेऊन स्वतः आणायला जात. शाळेत पोचवताना ते नेहमी वाहनांच्या बाजूने चालत. आमच्या चपलांचे तुटलेले अंगठे तेच शिवत, दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना तेल तेच चोळत. पण लढाईची गोष्ट सांगा म्हटले की उठून झाडांना पाणी घालायला जात. ‘रोज कशाला मोजता?’ असे मी एकदा विचारले, तेव्हा एवढेच म्हणाले, ‘बाळ, एकदा गिनती कमी भरली होती.’

आज्जा खानापूर तालुक्यातले, मराठा पलटणीतून १९४६ साली सुटून आलेले. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे घर हुबळीला आले. आमच्या घरात असा पक्का समज होता, की आज्जा केरनला लढले. केरन म्हणजे आफ्रिकेतल्या एरिट्रियाचा डोंगरी बालेकिल्ला. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे इटालियन फौजेशी घनघोर लढाई झाली आणि मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन तीत होती. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रेजिमेंटची युद्धघोषणा तिथूनच रूढ झाली, अशी पलटणीची परंपरा सांगते. आज्जा गणेशोत्सवात ती घोषणा देत, म्हणून ते केरनचे, असा आमचा हिशेब.

आज्जा गेले त्या वर्षी दिवाळीची साफसफाई करताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत सुटीचा कागद, रोमन लिपीतल्या उर्दूत लिहिलेली एक वही (गोऱ्यांच्या फौजेत शिपायाला शिक्षण त्याच लिपीत मिळे) आणि फडक्यात बांधलेली पदके. त्यांत दोन तारे होते. एक १९३९-४५ चा सर्वसाधारण तारा. दुसऱ्याची फीत लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी, पुन्हा लाल. ते इटलीच्या निशाणाचे रंग. तो इटली स्टार. आफ्रिका स्टार नव्हता. एरिट्रियात लढलेल्यांना आफ्रिका स्टारच मिळाला होता. म्हणजे आज्जा केरनला नव्हतेच. सुटीच्या कागदावर पहिल्या बटालियनचे नाव होते. वर्षानुवर्षे सांगितलेली घरची गोष्ट एका फितीने खोटी ठरवली आणि तिच्या जागी दुसरी, अधिक खरी गोष्ट ठेवली.

या पहिल्या बटालियनला ‘जंगी पलटण’ म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई बेटाच्या रक्षणासाठी ती १७६८ साली उभारली. १९२२ पासून रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे, त्यामुळे आमच्या सीमाभागातल्या कितीतरी घरांची चूल या पलटणीच्या पगारावर आणि पुढे पेन्शनीवर पेटली. दुसऱ्या महायुद्धात ती इटलीत आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. तिची मोठी कसोटी लागली ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर.

सेनिओ पात्राने लहान, पण तिचे दोन्ही काठ उंच मातीच्या बांधांचे. जर्मनांनी त्या बांधांत मशीनगनी बसवल्या होत्या आणि उतारावर सुरुंग पेरले होते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोपे होते. नदी ओलांडताना माऱ्यात त्यांची तुकडी कापली गेली. जाधवांनी एका जखमी साथीदाराला उचलून पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांतून अलीकडे आणले. परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनींवर चाल केली. हाताला गोळी लागून टॉमीगन धरता येईना, तेव्हा ती टाकून बॉम्ब फेकले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते हवालदार होऊन निवृत्त झाले आणि १९८४ साली पुण्यात वारले.

त्या दिवशी आज्जा नदीच्या कोणत्या काठाला होते, हे कागद सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही. पण ते कोणत्या गिनतीत उभे राहिले असतील, हे आता कळते.

रेजिमेंटला त्या युद्धात आणखी एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही इटलीतच. तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातले, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील बाकीचे सारे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर धावून गेले. बॉम्बने ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना हातातल्या बंदुकीनेच झोडपले. तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कबर मात्र नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. ज्याच्या छातीवर साम्राज्याचे सर्वोच्च पदक लागायचे, त्याच्याही कबरीचा पत्ता नाही. इटलीत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ परतले नाहीत. आज्जांच्या तोंडचे ‘कमी भरली’ हे दोन शब्द या आकड्यातले आहेत.

मग ते बोलले का नाहीत? मला वाटते, ऐकणारे नव्हते. ते समुद्रापार असताना इथे १९४२ ची चळवळ पेटली होती. परत आल्यावर वर्षभरात स्वातंत्र्य आले. नव्या देशाला आपल्या हुतात्म्यांची नावे पाठ करायची होती. परक्या राजाच्या पगारावर परक्या मुलखात लढलेल्याने काय सांगावे? पुढे १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, धारवाड आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आमच्या भागात जो इतिहास लिहिला गेला, तो बहुतेक सीमारेषेचा. त्याची गरज होतीच. पण सीमेच्या दोन्ही अंगांच्या, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या घरांतून जी पोरे परमुलखात गेली, त्यांची गिनती कोणी केली नाही. सरकारने पदके दिली आणि पेन्शन दिली. गोष्ट विचारली नाही. खरे सांगायचे तर आम्हीही विचारली ती खेळ म्हणून.

सीमाभागातल्या कितीतरी माळ्यांवर अशी ट्रंक अजून पडून असेल. ती भंगारात देण्यापूर्वी उघडावी. फितींचे रंग पाहावेत: लाल-पांढरा-हिरवा असेल तर इटली, मध्ये लाल आणि दोन्ही बाजूंना निळा व नारिंगी असेल तर ब्रह्मदेश. सुटीच्या कागदावरचा शिपाईनंबर उतरवून ठेवावा. रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय बेळगावातच आहे. जे परतले नाहीत त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदवहीत नावानिशी शोधता येतात. घरात चालत आलेली गोष्ट कागदापुढे टिकली नाही तर वाईट वाटून घेऊ नये. आमच्या आज्जांना आम्ही केरनमधून काढले, तेव्हाच ते आम्हांला सापडले.

गोकुळ रोडवरचे ते घर आता नाही. आम्ही सहाही जण आहोत, गावोगाव पांगलेले. दिवाळीला एकत्र जमलो की थोरली बहीण ताटावर बसण्यापूर्वी बोटाने डोकी मोजते. पूर्वी आम्ही हसत होतो. आता सगळे नीट उभे राहतात.