पाच वर्षांची मुदत कोणाच्या सोयीची?

वाशीम जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत कंत्राटावर झाडूकाम करणाऱ्या काही मायमाउल्या मागच्या वर्षी आमच्याकडे आल्या. पगारातून पीएफ कापला जात होता, कंत्राटदार तीनदा बदलला, आणि पासबुकात मधली कित्येक वर्षे कोरीच. "तेव्हाच का नाही बोललात?" असा प्रश्न त्यांना सगळीकडे विचारला गेला. या प्रश्नाचा इतिहास आपण तपासला पाहिजे.

आधी एक दुरुस्ती. पीएफचा कायदा बाबासाहेबांनी केला, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगार कायद्यांचा पाया घातला हे खरेच. पण पीएफचा अध्यादेश 15 नोव्हेंबर 1951 चा आहे, आणि बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा त्याआधीच, 27 सप्टेंबरला दिला होता. बाबासाहेबांना खोट्या श्रेयाची गरज नाही.

1952 चा कायदा सुरुवातीला फक्त सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. झाडूवाला त्यात कुठेच नव्हता. नगरपरिषदा या कायद्याच्या कक्षेत आल्या त्या 8 जानेवारी 2011 पासून. म्हणजे जवळपास साठ वर्षांनी.

मात्र त्या जुन्या कायद्यात एक मोठी गोष्ट होती. मालकाने पैसे भरले नाहीत तर कलम 7अ खाली चौकशी सुरू करायला मुदतच नव्हती. मुदत होती ती निकालानंतर: फेरविचारासाठी 45 दिवस, न्यायाधिकरणात अपिलासाठी 60 दिवस, आणि योग्य कारण असेल तर आणखी 60. ही अपिले बहुतांशी मालकच करतात, हे वेगळे सांगायला नको. 1998 मध्ये हिंदुस्तान टाइम्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे थकबाकीवरच्या दंडाचा प्रश्न आला. वसुलीला उशीर झाला म्हणून मालकाला सूट मिळणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. कारण साधे आहे. तो पैसा मालकाचा नसतोच, त्याच्याकडे विश्वासाने ठेवलेला असतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने हे उलटे केले. कलम 125 प्रमाणे वाद निर्माण झाल्यापासून पाच वर्षे उलटली की चौकशी सुरूच करता येणार नाही. आणि मालकासाठी काय? पूर्वी अपील करताना ठरलेल्या रकमेच्या 75 टक्के भरावे लागत, आता 25 टक्के. चारही श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे.

जुनी कागदपत्रे मिळत नाहीत, उद्योजकांना किती वर्षे टांगते ठेवायचे, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच पोकळ नाही. पण कागद ठेवायची जबाबदारी कोणाची होती? ज्या बाईला पगाराची चिठ्ठीच कधी मिळाली नाही, तिची? यूएएन क्रमांक 2014 मध्ये आला. त्याआधी आपल्या नावावर किती जमा झाले, हे कळायला कामगाराला बहुतांशी मालकाकडून येणाऱ्या वार्षिक पावतीवरच अवलंबून राहावे लागे. आणि कामावर असताना तक्रार केली की दुसऱ्या दिवशी हजेरीतून नाव गायब, हे वाशीमपासून रिसोड-मंगरुळपीरपर्यंत कोणालाही विचारा. कंत्राटी कामगार बोलतो तो काम सुटल्यावरच. तोवर पाच वर्षे कधीच निघून गेलेली असतात.

त्या मायमाउल्यांचा अर्ज आम्ही महिनावार तक्ता जोडून लेखी दिला आणि पोच घेतली. ज्यांच्या पासबुकात असे रिकामे महिने आहेत त्यांनी तोंडी आश्वासनावर थांबू नये. तारखेचा शिक्का असलेली पोच या महिन्यातच हातात घ्यावी.

जयभीम.