तिसरा स्क्रीन काळा का?

मागच्या रविवारी मीरा रोडच्या आमच्या वन बीएचकेत तिसरा मॉनिटर आणला. खिडकी आणि कपाट यांच्यामधली भिंत बरोब्बर पाच फूट. चोवीस इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे तीन आडवे मावत नाहीत. मग एक उभा लावला. (कोड वाचायला उभाच बरा, हे बायकोला वर्षभर पटवत होतो.) वायरी जोडल्या, मशीन सुरू केलं... दोन उजळले, तिसरा ठार काळा. ग्राफिक्स कार्ड चुलतभावाचं, जुनं, पण मागे पोर्ट तीन होते की!

शोधायला बसलो आणि पार १९८७ पर्यंत पोचलो. त्या वर्षीच्या मॅकिंटॉश टू मध्ये सहा स्लॉट होते. जितकी व्हिडिओ कार्डं खुपसाल तितके मॉनिटर. (गंमत म्हणजे २०२० च्या एम-वन मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालायचा!) घरच्या पीसीवाल्यांना ही सोय सरळपणे मिळाली विंडोज ९८ मध्ये, आणि तीही थेट नऊ स्क्रीनची. एवढी कार्डं घेणार कोण, ते सोडा. १९९९ मध्ये मॅट्रॉक्सच्या जी४०० ने एकाच कार्डावर दोन मॉनिटर चालवून दाखवले. पुढची दहा वर्षं बहुतेक घरगुती कार्डांची गाडी त्या दोनवरच अडली.

का? तर व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय या जोडण्यांत प्रत्येक मॉनिटरला त्याच्या रिझोल्यूशनप्रमाणे वेगळा ठोका लागतो, त्याला म्हणतात पिक्सेल क्लॉक. कार्डावर हे ठोके देणारे दोनच. म्हणजे गायक तीन, प्रत्येकाची लय वेगळी आणि तबलजी दोन! २००६ मध्ये आलेल्या डिस्प्लेपोर्टने ही भानगडच मिटवली. त्यात चित्र पाकिटांत बांधून ठरावीक वेगाने जातं, त्यामुळे दर स्क्रीनला वेगळा ठोका नको. म्हणूनच सप्टेंबर २००९ मध्ये रेडिऑन एचडी ५८७० एकटं तीन स्क्रीन चालवू शकलं. अट एकच, त्यातला निदान एक डिस्प्लेपोर्टवर हवा. एनव्हिडियाला त्यासाठी २०१० मध्ये दोन कार्डं लागत होती. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एका कार्डावर चार जमले.

आता माझी चूक. तिसरा पोर्ट डिस्प्लेपोर्टच होता, पण मॉनिटर एचडीएमआयचा, म्हणून मी मध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर लावला होता. असा साधा कन्व्हर्टर स्वतः काहीच बदलत नाही, तो कार्डालाच एचडीएमआय सिग्नल द्यायला सांगतो. म्हणजे पुन्हा तिसरा तबलजी हवा!

शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात अजून १९०३ ते १९०७ चे गव्हर्नर.) दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "ॲक्टिव चाहिए या पॅसिव?" मी आठवडाभर जे वाचत बसलो होतो ते ह्याच्या एका प्रश्नात!

तुम्ही घेणार असाल तर, गेम खेळत नसाल तर कार्डाची मेमरी नंतर बघा. आधी पोर्ट किती आणि 'एकाच वेळी किती स्क्रीन' हे बघा. दोन्ही आकडे एकच असतील असं नाही. मॉनिटर शक्यतो एकाच उंचीचे घ्या, आणि शक्यतो थेट डिस्प्लेपोर्टवाले.

घरी येऊन ॲक्टिव कन्व्हर्टर लावला. लागला एकदाचा. उभ्या स्क्रीनवर सध्या कोड नाही, बायकोची किराण्याची यादी आहे :)