लिंग म्हणजे खूण

केसपेपर शहापूरला काढा की मुरबाडला, नावानंतर वय आणि वयानंतर लिंग हा रकाना येतोच. तो सहसा विचारून भरत नाहीत, बघून भरतात. शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच हे चालतं म्हणा! संस्कृतात लिंग म्हणजे खूण. डोंगरावर धूर दिसला की आग असणार, असं अनुमान नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, करतात. तो धूर हे त्यांचं लिंग. आयुर्वेदात रोगाच्या लक्षणालाही लिंग म्हणतात. अवयव हा अनेक अर्थांतला एक, आपण नेमका तोच धरून बसलो.

खुणेवर किती विसंबायचं, हा वाद व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात घातला आहे. स्तन आणि केस यांवरून स्त्री ओळखायची, तर स्त्रीवेशातल्या नटाचं काय? आणि खाटेला यातलं काहीच नसतं, तरी ती स्त्रीलिंगी कशी? देहाच्या खुणांवर व्याकरण चालत नाही, असा त्याचा निकाल.

केसपेपरही नुसत्या बघण्यावर चालत नाही; कर्करोगाच्या डॉक्टरचं तर विचारल्यावाचून अडतं. पुरुष म्हणून जगणाऱ्या पारलिंगी माणसाचं गर्भाशयमुख काढलेलं नसेल, तर तिथे कर्करोग होऊ शकतो. या तपासणीसाठीच्या आशा स्वयंसेविकेच्या यादीत मात्र तिशीपुढच्या बायकाच असतात. पारलिंगी स्त्रीची शस्त्रक्रिया झाली तरी प्रोस्टेट ग्रंथी बहुधा शरीरात राहते. अवयवांसारखं नातंही विचारावं लागतं: परळच्या टाटा रुग्णालयात जाताना आसनगावपासून लोकलमध्ये रुग्णाशेजारी बसलेला ‘मित्र’ जोडीदारही असू शकतो. ते कळल्याशिवाय घरी शुश्रूषा कोण करणार, हे डॉक्टरला कसं कळावं?

डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा पारलिंगींच्या आरोग्याच्या दृष्टीने फेरविचार करा, असं 2019 चा पारलिंगी व्यक्तींविषयीचा कायदा सांगतो. तरी ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा लैंगिक गुन्ह्यांच्या पंगतीला जाऊन बसले. ओरड झाली, तेव्हा सप्टेंबरात तो मागे घेतला. लाजिरवाणाच प्रकार.

मराठीत एक सोय आहे. समोरचा ‘मी आलो’ म्हणतो की ‘मी आले’, यावरून पुष्कळ कळतं. (कोल्हापूरकडच्या बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, ती गोष्ट निराळी.) डॉक्टरांना शिकवायचंच, तर क्रियापद ऐकायला शिकवा. ‘काय होतंय?’च्या आधी ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं विचारू द्या, आणि शरीरात कोणते अवयव आहेत, त्यासाठी केसपेपरवर वेगळा रकाना ठेवा.